दुधाचं पातेलं

पाणी तांब्याच्या हंड्यात, दूध कल्हईच्या पातेल्यात, दही दगडीत नाहीतर चिनी मातीच्या सटात, लोणचं बरणीत. आणि आमसुलाची आमटी उघड्या पितळेत कधीही नाही. हा माझ्या सासूबाईंचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं. कसबा पेठेतल्या बहुतेक घरांत तो थोड्याफार फरकाने असाच चाले. पुढे कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवताना मी या कायद्याची कलमं एकेक करून तपासून पाहिली. जवळजवळ सगळी टिकली. त्यातल्या एकाच कलमाचा इतिहास इथे सांगते आहे, कारण ते मोडल्याची किंमत तान्ह्या मुलांनी मोजली. दुधाच्या पातेल्याला कल्हई हवी, हे ते कलम. आणि त्याचा उलगडा झाला तो पुण्यातच, आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर.

आधी भांडी कुठून येत ते सांगते. कसब्यातली तांबट आळी पेशवाईपासूनची. कोकणातून आलेले त्वष्टा कासार इथे वसले. कालिका हे त्यांचं दैवत आणि ठोकाठोकी हा धंदा. हंडे, कळश्या, घंगाळं, बंब, पराती, तपेल्या हे सगळं या आळीतून बाहेर पडे. भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीच्या सारख्या अंतराच्या ठशांची नक्षी उमटवायची, तिला मठारकाम म्हणतात. ते ठसे दिसायला देखणे असतातच, पण ठोकल्याने पत्रा घट्ट होतो आणि भांडं पोचत नाही, हा खरा फायदा. एकोणिसाव्या शतकात विलायतेहून यंत्रावर लाटलेला पत्रा मुंबईच्या बंदरात उतरू लागला. तिथल्या तांबाकाटा बाजारातल्या व्यापाऱ्यांकडून तो पुण्यात येई. ओतीव भांड्यापेक्षा पत्र्याचं भांडं हलकं, म्हणून स्वस्त. ज्या घरात पूर्वी मातीची मडकी होती तिथे पितळेचं पातेलं आलं. मुलीच्या लग्नात पितळेची भांडी मांडून दाखवायची हौस मध्यमवर्गालाही परवडू लागली.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दोन्ही धातू आंबटाला आणि दुधाला भुलतात. ताक पितळेत ठेवलं की कळकतं. हिरवट दिसतं, जिभेला कसं तरी लागतं, पोटात ढवळतं. ते टाळायचं तर आतून कथलाचा थर हवा. तो थर देणारा म्हणजे कल्हईवाला.

आमच्या वाड्यात येणारे कल्हईवाले चाचा अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून भट्टी मांडत. जमिनीत पुरलेली नळी, तिच्या एका टोकाला कातड्याचा भाता, दुसऱ्या टोकाला कोळसा. भांडं आधी राखेने किंवा वाळूने घासायचं; हट्टी डाग असेल तर पोऱ्या त्यात उभा राहून दोन्ही पायांनी गरगर फिरे. मग सांडशीत धरून भट्टीवर तापवायचं. पुरेसं तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या, पोरं खोकत मागे सरायची आणि पुन्हा पुढे यायची. नवसागर तापला की धातूवरचं काळं खाऊन टाकतो आणि पत्रा उघडा करतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, तांब्याला वितळायला हजाराच्या वर जावं लागतं, म्हणून भांडं शाबूत राहतं. वितळलेला थेंब पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवला की पिवळं पातेलं आतून चंद्रासारखं होतं. मग चुर्र करून पाण्यात बुडवायचं. सगळं काम चार-पाच मिनिटांचं आणि थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ. रोजच्या घासण्याने तो झिजणारच, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा कल्हई.

सासूबाई काम सुरू व्हायच्या आधी म्हणत, "चाचा, कांडी वाकवून दाखवा." चाचा हसत आणि कांडी कानाशी धरून वाकवत. शुद्ध कथील वाकताना करकरतं. त्यात शिसं मिसळलं असेल तर आवाज दबतो, आणि कांडी कागदावर ओढली की काळपट रेघ उमटते. शिसं कथलापेक्षा स्वस्त, म्हणून भेसळीचा मोह मोठा. ही परीक्षा त्यांना कुणी शिकवली ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण आवर्तसारणी न वाचता त्या कथील आणि शिसं वेगळं ओळखत. तो फरक महत्त्वाचा आहे. अन्नातून पोटात गेलेलं कथील शरीर फारसं शोषून घेत नाही, बहुतेक तसंच बाहेर पडतं. शिसं मात्र रक्तात शिरतं, हाडांत मुरतं आणि मुलांच्या मेंदूला इजा करतं. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या १९५५ च्या नियमांत, नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात केलेलं अन्न खाण्यास अयोग्य मानावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. पण तो नियम विक्रीच्या मालासाठी. घरातल्या चुलीवर निरीक्षक कुठून येणार?

आता दुधाकडे वळते. आईचं दूध कमी पडलं की बाळाला वरचं दूध सुरू व्हायचं. गाईचं किंवा म्हशीचं, पाणी घालून उकळलेलं. ते पितळेच्या पातेल्यात तापे, त्यातच निवे, त्यातच तासन् तास राही, आणि बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने बाळाच्या पोटात जाई. पातेल्याला कल्हई असेल तर काही बिघडत नव्हतं. कल्हई उडाली असेल तर प्रत्येक घोटाबरोबर थोडं तांबं जाई. साधं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर त्यात तांबं फार उतरत नाही. दुधाचं तसं नाही. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून पातेल्यातून आणखी तांबं सुटत राहतं आणि दूध ते साठवत जातं. चवीत काही कळत नाही, रंगही बदलत नाही. ताक निदान कळकल्याचं सांगतं, दूध गप्प राहतं.

अशा घरांतली काही मुलं सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या वयात आजारी पडत. पोट फुगे, मूल चिडचिडं होई, यकृत हाताला दगडासारखं लागे, मग कावीळ, मग पोटात पाणी. पुण्यामुंबईत लोक त्याला नुसतं 'लिव्हर' म्हणत. "त्यांच्या धाकट्याला लिव्हर झालं" एवढं वाक्य पुरे असे, ऐकणारा पुढचं समजून घेई. वर्तमानपत्रांत मद्रासहून येणाऱ्या लिव्हरच्या औषधाच्या जाहिराती असत. निदान झालेल्यांतली बहुतेक मुलं वर्षभरात जात. एकाच घरातली दोन-दोन भावंडं गेल्याची उदाहरणं होती, म्हणून कुणी रक्ताचा दोष म्हणे, कुणी दृष्ट, कुणी पूर्वजन्म. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १८८७ मध्येच याची नोंद केली होती. पुस्तकी नाव पुढे 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' असं पडलं, जणू हा रोग भारतीय असण्याचाच भाग.

धागा हाती लागला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी. लंडनमध्ये अशा मुलांच्या यकृताच्या तुकड्यांवर ऑर्सिन नावाचा रंग टाकल्यावर पेशींत तपकिरी कण दिसले. ते तांबं धरून बसलेल्या प्रथिनाचे होते. मोजलं तेव्हा यकृतातलं तांबं नेहमीच्या कित्येक पटींनी जास्त निघालं. हे तांबं आलं कुठून, हा प्रश्न घेऊन ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर पुण्याच्या केईएम रुग्णालयात आले. तिथे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांच्याकडे अशी मुलं येतच होती. त्यांनी रास्ता पेठेतल्या त्या रुग्णालयात आयांना साधे प्रश्न विचारले. बाळाला वरचं दूध केव्हा सुरू केलं? कोणत्या भांड्यात तापवता? त्यातच ठेवता का? आजारी मुलांच्या घरांत वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापत होतं. १९८३ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध लवकर सुरू केलं तर काही मुलं वाचतात, हेही पुण्याच्याच या गटाने दाखवलं.

यावर शंका घेणारे होते आणि त्यांचा मुद्दा बिनतोड वाटे: पितळेची भांडी तर घरोघर, मग सगळीच मुलं आजारी का पडत नाहीत? काही मुलांच्या शरीरात तांबं बाहेर टाकण्याची क्षमता जन्मतःच कमी असणार, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. त्यात तान्ह्या बाळाचं यकृत आधीच तांब्याने भरलेलं असतं, कारण शेवटच्या महिन्यांत आई ते बाळाच्या पदरी बांधून देते. जास्तीचं तांबं पित्तावाटे आतड्यात टाकण्याचं काम अजून जमलेलं नसतं. अशा वेळी पातेल्यातून रोज नवी भर पडली की गाडी घसरते.

रोग फक्त भारतीय नाही, याचा पुरावा आला ऑस्ट्रियातून. टिरोल हा आल्प्समधला दुधदुभत्याचा डोंगरी प्रदेश. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अगदी अशाच यकृताच्या आजाराने दगावली होती. तिथेही बाळाचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळत होतं. भांडी बदलली आणि आजार थांबला. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कसबा पेठ आणि टिरोल यांत ना रक्ताचं नातं, ना जातीचं. सारखं होतं ते पातेलं.

यकृताची गोष्ट इथे संपते, पण तांबं यकृतात पोचण्याआधी आतड्यातून जातं, आणि तिथे एक वस्ती आहे. आईच्या दुधावरच्या बाळाच्या शीमध्ये फाटा फुटलेले जंतू असतात, हे पॅरिसच्या हेन्री तिसिए यांनी १८९९ मध्ये पाहिलं. आज आपण त्यांना बिफिडोबॅक्टेरिया म्हणतो. आईचं दूध या वस्तीची व्यवस्था पाहतं, आणि धातूंच्या बाबतीत ते फार कंजूष आहे. त्यातलं लॅक्टोफेरिन लोह कुलपात ठेवतं, कारण लोहावर वाढणारे उपद्रवी जंतू पुष्कळ आहेत. लॅक्टोबॅसिलस मंडळी त्यात वेगळी. त्यातल्या काही जाती लोहाशिवाय, मँगनीजवर संसार करतात. याचा प्रत्यय आफ्रिकेत आला. कोत दिव्हारमध्ये शाळकरी मुलांना लोह घातलेली बिस्किटं दिली, तेव्हा आतड्यातले एंटेरोबॅक्टेरिया वाढले आणि लॅक्टोबॅसिलस घटले. हा अभ्यास २०१० चा. केनियातल्या तान्ह्या मुलांत २०१५ मध्ये असंच दिसलं, आणि सोबत आतड्याचा दाहही. पंडुरोगावर लोह हवंच, पण आतड्यातल्या वस्तीला विचारल्याशिवाय ते देता येत नाही.

तांब्याची रीत आणखी कडक. ते जंतूंच्या पेशीचं आवरण फोडतं, आत जाऊन प्रथिनांची मोडतोड करतं. म्हणून तर हंड्यातलं पाणी चांगलं. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की पटकी, विषमज्वर आणि हगवणीचे जंतू घातलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलं की ते जंतू वाढवूनही वाढत नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या खूप आत राहतं. रात्री भरून ठेवलेला हंडा सकाळी प्यायचा, हे सासूबाईंचं कलम इथे पास झालं. पण जो धातू हंड्यात पटकीचे जंतू मारतो, तो दह्याच्या विरजणाशी किंवा बाळाच्या आतड्यातल्या वस्तीशी मैत्री कशाला करील? पाण्याला उघडं तांबं आणि दूध-दह्याला कल्हई, ही विभागणी याच धातूच्या स्वभावावर बेतलेली आहे.

जंतू मात्र नुसते मार खात बसत नाहीत, ते आपल्यासाठी पहाराही देतात. लॅक्टोबॅसिलसच्या काही जाती शिसं आणि कॅडमियम आपल्या पेशीभिंतीला चिकटवून धरतात आणि शीबरोबर बाहेर नेतात. फ्रान्समधल्या लिल इथे २०१३ मध्ये केलेल्या प्रयोगात, आतड्यात एकही जंतू नसलेल्या उंदरांच्या रक्तात आणि अवयवांत शिसं आणि कॅडमियम साध्या उंदरांपेक्षा जास्त साचलं. म्हणजे भेसळीच्या कल्हईतून शिसं आलंच, तर त्याची पहिली गाठ आतड्यातल्या वस्तीशी पडते.

जीवनसत्त्वांचा हिशेबही याच पातेल्यात आहे. तांबं क जीवनसत्त्व झपाट्याने जाळतं, म्हणून उघड्या पितळेत उकळलेल्या दुधातलं होतं नव्हतं तेवढंही जातं. फोलेट आणि के आपल्या आतड्यातले जंतू थोडं बनवून देतात. आणि बी-१२ ची कथा तर धातूचीच आहे. या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो आणि ते घडवण्याची कला फक्त सूक्ष्मजीवांना येते. आपल्या मोठ्या आतड्यात ते बनतं, पण शोषण त्याच्या आधीच्या टप्प्यात, लहान आतड्याच्या शेवटी होतं. त्यामुळे घरचं बी-१२ बहुतेक फुकट जातं. गाईम्हशींचं तसं नाही. त्यांच्या पहिल्या पोटातले जंतू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते बनवतात आणि ते दुधात उतरतं. शाकाहारी घराला बी-१२ मिळतं ते मुख्यतः या दुधातून. त्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश बायांमध्ये बी-१२ कमी निघालं. ज्या शहरात दुधाच्या भांड्याने मुलं आजारी पडली, त्याच शहराच्या परिसरात दूध पुरेसं पोटात न गेल्याचीही नोंद झाली.

मग कल्हई सुटली कशी? कथील आपल्याकडे नावापुरतं सापडतं, बस्तरकडे थोडंफार. बाकी सगळं परदेशातून, मुख्यतः मलायाकडून. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला आणि तो मोठा स्रोत तुटला. युद्धानंतर माल पुन्हा आला, पण १९७० च्या दशकात जगभर कथलाचे भाव चढत गेले. चाचांचा दर वाढला, फेऱ्या कमी झाल्या. लोकांनी पितळेची पातेली टाकली नाहीत, कल्हई मात्र लांबवली. "पुढच्या महिन्यात करू" म्हणत पातेलं उघडं पडे आणि त्यातच दूध तापे. नियम पाळणाऱ्या घरांतही हे होई. रीत मोडताना पाहिला गेला तो पैसा. रीत कशासाठी आहे हे कुणाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि मग स्टील आलं. बोहारणीने जुन्या पैठण्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली दिली, दिवाळीच्या बोनसमध्ये स्टीलचे डबे आले, आणि तांबट आळीचा आवाज मंदावला. केईएमच्या डॉक्टरांनी आयांना पितळ बाजूला ठेवायला सांगितलं, त्याचाही वाटा आहेच. १९९० च्या दशकात 'लिव्हर'ची मुलं दिसेनाशी झाली. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांनी हा आजार बहुधा पुस्तकातच पाहिलेला असतो. एका रोगाची हकालपट्टी करण्यात मोठा हात भांडी बदलण्याचा होता, लशीचा नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता तांबं पुन्हा आलं आहे. बाटल्या, जग, पेले, लग्नाच्या भेटी. तांबट आळीतल्या उरलेल्या घरांना काम मिळतं याचा मला आनंदच आहे. पण दुकानात भांडं मिळतं, कायदा मिळत नाही. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी घेऊन फिरणारी मुलं मी पाहते. पितळेच्या कढईत टोमॅटोचं सार उकळणारे हौशी लोक पाहते. त्यांना एवढंच सांगायचं आहे. उघड्या तांब्यात फक्त साधं पाणी ठेवा. लिंबू, कोकम, ताक, दूध यांतलं काहीही त्यात घालू नका. तान्ह्या बाळाचं दूध स्टीलमध्येच तापवा. आजीचं पितळेचं पातेलं चुलीवर चढवायचंच असेल तर आधी कल्हई करून घ्या. कल्हईवाला शोधायला त्रास पडेल, तो घ्या. आणि काम सुरू होण्याआधी त्याला कथलाची कांडी कानाशी धरून वाकवायला सांगा. करकर ऐकू आली नाही, तर पातेलं उचलून घरी परत न्या.